लाईनवरच्या चौदा जणींचं लोणचं

९ एप्रिल

डाव्या हाताने लिहिते आहे. दवाखान्यातल्या व्यायामाच्या मॅडम म्हणाल्या, रोज पाच ओळी लिहायच्या, काहीही लिहा. माझं नाव इंदू. राहणार थेरगाव. पाच झाल्या.

१० एप्रिल

गुरुवार, कंपन्यांना सुट्टी. विलास घरी होते. 'पिंकीचे पप्पा' लिहायला फार अक्षरं लागतात, म्हणून वहीत विलासच लिहिणार. तोंडाने म्हणणार नाही. पिंकी लातूरला आजीकडे राहून नर्सिंग शिकते. खालच्या मजल्यावरच्या हसीनाभाभींनी सहा कैऱ्या पाठवल्या. टोपलीत तशाच ठेवल्यात.

१२ एप्रिल

आज बरोबर महिना झाला. हात दुखला तरी आज सगळं लिहिणार.

चाकणच्या कंपनीत मी सहा वर्षं पॉवर प्रेसवर आहे. गाडीच्या सीटखालच्या पट्ट्या काढतो आम्ही. पत्रा ठेवायचा, हात बाहेर, पायाने पॅडल दाबायचं, प्रेस खाली येते, पट्टी काढायची, पुढचा पत्रा. लाईनवर माझ्याशिवाय चौदा जणी. चार नंबरची प्रेस माझी. १२ मार्चला पट्टी काढताना प्रेस खाली आली आणि उजव्या हाताची अंगठ्याशेजारची दोन बोटं गेली.

प्रेसच्या तोंडाशी सेन्सर असतो. हात आत असला की मशीन चालत नाही. पण आमच्या लाईनवर तो बंदच ठेवतात. चालू असला की सारखं मशीन थांबतं, माल कमी निघतो. आमचे सुपरवायझर गणराज सर दवाखान्यात आले होते. तेही लातूरकडचेच. म्हणाले, "इंदुताई, तुमचं लक्ष गेलं हो." गेलंच असणार. पाय पॅडलवर होता की नव्हता ते मला आठवत नाही. येईल त्याला मी हेच सांगते, माझंच लक्ष गेलं. मशीनला काय दोष देणार.

१५ एप्रिल

भाभींच्या कैऱ्या मऊ पडायला लागल्या. माझ्या घरात कैरी वाया गेली असं आजवर झालेलं नाही. चैत्रात पन्हं, मग मेथांबा, अक्षय्य तृतीयेला पहिला रस, मग साखरांबा आणि शेवटी लोणचं, असा माझा दरवर्षीचा नेम. लोणच्याच्या चौदा बाटल्या लाईनवर जातात, प्रत्येकीला एक. जेवणाच्या सुट्टीत डबे उघडले की म्हणतात, इंदुताईंच्या हाताला चव आहे. कुठल्या हाताला, ते कुणी म्हटलं नव्हतं.

सहाही कैऱ्या शिजवायला घेतल्या. कुकरचं झाकण एका हाताने लागत नाही. पाचव्या वेळेला कुकर पोटाशी दाबून धरला तेव्हा लागलं. गर डाव्या हाताने कुस्करला, गूळ घातला, वेलदोडा ठेचून घातला. विलास शिफ्टवरून आले तेव्हा ग्लास पुढे केला.

"कुणी केलं?"

"घरात दुसरं कोण आहे?"

दोन ग्लास प्यायले. मग मोरीत जाऊन बराच वेळ तोंडावर पाणी मारत राहिले. चाकणहून दुचाकीवर येतात, ऊन फार लागलं असेल.

मी ठरवलं आहे. यंदा यादीतलं एकही सोडायचं नाही.

१९ एप्रिल

मेथांबा. विलासना कैऱ्या चिरायला बसवलं. हा माणूस कंपनीत फोर्कलिफ्ट इतकी सफाईने चालवतो, पण सुरी धरली की घाम फुटतो. फोडी म्हणजे नुसत्या ढलप्या.

"केवढ्या करू, ते सांग ना एकदा," म्हणाले.

"एवढ्या," म्हणून मी उजवा हात पुढे केला. मग आठवलं की माप दाखवायची बोटं तीच होती.

त्यांनी मान वर केली नाही. म्हणाले, "सुपारीएवढ्या करतो. चालेल?" मी म्हटलं, चालेल.

मीठ डाव्या मुठीने घातलं. डावी मूठ सैल बसते, मीठ गळतं तिच्यातून. भाभींना वाटीभर दिला. भाभी जिभेवर ठेवून थांबल्या. "मीठ मागे राहिलंय, इंदू. तुझं मीठ पुढे येतं." एखादी म्हणाली असती, छान झालंय. पण भाभी खोटं बोलत नाहीत, म्हणून वाटी त्यांनाच आधी जाते. मुठीत आणखी मीठ घेऊन परत कढई ठेवली.

२२ एप्रिल

भाभींनी आज पुन्हा दोन किलो कैऱ्या वर पाठवल्या, किसून पाहिजेत म्हणे. डांगे चौकात त्यांच्या मालकांचं, लालमहंमदभाईंचं, फळांचं दुकान आहे. घरात सुना आहेत, किसणी आहे, मिक्सर आहे, तरी कीस माझ्याकडूनच. अंगाला लावून घेत नाहीत काम. पण नाही कसं म्हणू. किसणी ताटात ठेवून उजव्या हाताच्या उरलेल्या बोटांनी दाबून धरली आणि डाव्याने किसलं. दोन तास लागले.

हात ठणकतो आहे. व्यायामाच्या मॅडमना सांगितलं तर त्या खूश झाल्या. म्हणाल्या, उजवा हात महिन्यात पहिल्यांदा कामाला लावला तुम्ही, शेजारणीला माझा नमस्कार सांगा. नमस्कार कशाला ते कळलं नाही.

२४ एप्रिल

गुरुवार. लाईनवरच्या शालनबाई आणि दोघी येऊन गेल्या. खुशनुमा आली नाही. भाभींच्या सख्ख्या बहिणीची मुलगी ती, पलीकडच्या गल्लीत राहते, तीन नंबरच्या प्रेसवर माझ्या शेजारी असायची. मीच तिला कंपनीत लावलं. दवाखान्यातसुद्धा आली नाही. आता तिला माझी चार नंबरची जागा मिळाली आहे असं शालनबाई म्हणाल्या. चार नंबरला रोजचे थोडे जास्त मिळतात. मिळाली तर मिळाली, पण माणसाने तोंड तरी दाखवावं. वाईट वाटलं.

३० एप्रिल

अक्षय्य तृतीया. आमच्याकडे पितरांना दाखवल्याशिवाय रस खात नाहीत. सकाळीच गणराज सर आले, हातात हापूसची पेटी. एवढा मोठा माणूस तीन जिने चढून आला. चहा घेतला, पिंकीची चौकशी केली.

मग पिशवीतून कागद काढला. म्हणाले, "ताई, फॉर्मॅलिटी आहे. यावर सही झाली की तुम्हाला जूनपासून पॅकिंगला घेतो. बसून काम. सही नसेल तर वरचे लोक काय करतील ते माझ्या हातात नाही. म्हणून आधीच सांगतो, आपले म्हणून."

किती काळजी करतात. मी कागद वाचला. प्रेसचा सेन्सर चालू होता आणि माझ्या निष्काळजीपणामुळे अपघात झाला, असं लिहिलेलं. मी म्हटलं, "सर, सेन्सर तर बंद होता."

"ते सगळीकडे असंच लिहितात. विम्याची भाषा असते ती." मग शाईचा डबा काढला. "सही जमत नसेल तर अंगठा चालेल."

अंगठा म्हटल्यावर मात्र मला लागलं. मी बारावी पास आहे. आईने दुसऱ्याच्या रानात खुरपून शिकवलं. म्हटलं, "सर, अंगठा नाही देणार मी. डाव्या हाताची सही बसली की करून देते. पंधरा-वीस दिवस द्या."

सर हसले, पण तोंडच हसलं. कागद ठेवून गेले.

दुपारी त्याच आंब्यांचा रस केला. डाव्या हाताने पिळला. उजव्या तळव्याखाली आंबा ठेवून पाटावर लोळवला तर आतून छान मऊ होतो, तेवढं त्या हाताला जमतं. नैवेद्य डाव्या हाताने दाखवायला जीव धजेना. विलासनी दाखवला. भाभींना वाटी द्यायला गेले तेव्हाही डावाच हात पुढे झाला. म्हटलं, भाभी, माफ करा, डावा आहे. त्यांनी दोन्ही हातांनी घेतली. म्हणाल्या, "आंबा कुठला आहे? मालकांना दाखवते, असा त्यांना मिळत नाही." मी अभिमानाने सांगितलं, कंपनीने पाठवला. भाभी वाटीकडे बघत राहिल्या. "कंपनीने? घरी आणून?" एवढंच म्हणाल्या.

५ मे

सहीचा सराव. एका पानावर चाळीस. 'इंदू' येतं, आडनाव जिना उतरल्यासारखं खाली येतं.

७ मे

साखरांबा. राजापुरी कैरी, लालभाईंनी स्वतः निवडून दिली. पाकाची तार बघायची तर अंगठा आणि पहिलं बोट लागतं. डाव्याने बघितली. तार तीच, पण कळायला वेळ लागला आणि तेवढ्यात पाक पुढे गेला. साखरांबा चिक्कीसारखा झाला. टाकला नाही. गरम पाणी घालून परत मंद आचेवर ठेवला, तासाभराने वळणावर आला. रंग गेला थोडा. विलास म्हणाले, कुणाला कळणार आहे? मला कळतं.

११ मे

रोज दुपारनंतर आभाळ भरून येतं. लोणचं लांबवून चालणार नाही. येत्या गुरुवारी घालायचं. आज विलासना बसवून सगळं तोंडी सांगितलं. ते पिंकीच्या जुन्या वहीत लिहून घेत होते.

कैरी करकरीत पाहिजे, कोय धरलेली. धुऊन पुसून फॅनखाली पसरायची. फोडी झाल्या की हळद-मीठ. मेथी तेलात तांबूस होईपर्यंतच, काळी झाली तर सगळं लोणचं कडू. मोहरीची डाळ कच्चीच. हिंग गरम तेलात. फोडणी पूर्ण गार झाल्याशिवाय घालायची नाही. बरणीला, पळीला, हाताला पाण्याचा थेंब चालत नाही. एक थेंब राहिला की श्रावणापर्यंत बुरशी.

"सहा वर्षांत किती बरण्यांना बुरशी आली?" त्यांनी विचारलं.

"एकीलाही नाही."

"दर वर्षी वीस किलो. एकदाही नाही?"

"काम करताना माझं चित्त इकडेतिकडे जात नाही. तुम्हाला माहीत नाही का?"

त्यांनी पेन खाली ठेवलं. माझ्याकडे बघत राहिले, काहीतरी विचारायचं होतं असं वाटलं. मग म्हणाले, "हिंग किती, ते राहिलं." मी सांगितलं.

१५ मे

हे लिहायला दोन बैठका लागल्या.

लालभाईंनी सकाळी वीस किलो कैरी आणि अडकित्ता पाठवला. पाठोपाठ भाभी आल्या, खुशनुमाला दंडाला धरून. म्हणाल्या, "ही म्हणते, इंदुताईंकडे जायला तोंड नाही. म्हटलं, तोंड नसेल तर हात घेऊन चल. कैऱ्या पुसायच्या आहेत."

पोरगी वाळली आहे. माझ्या हाताकडे बघेना. कोपऱ्यात बसून कैऱ्या पुसायला लागली. विलास अडकित्त्याने फोडत होते, भाभी आतली कोय काढत होत्या, मी हळद-मीठ लावत होते. मिठाचं आता बसलंय, डाव्या मुठीला मी घट्ट व्हायला शिकवलं. तास दीड तास कामाशिवाय बोलणं नाही.

विलासच्या अडकित्त्यातली कैरी घसरली. मी सहज म्हणाले, "बघून करा. लक्ष गेलं की काय होतं ते माझ्याकडे बघा."

खुशनुमाचं फडकं थांबलं. "ताई, असं नका बोलू."

"का? खरं तेच बोलते."

"खरं नाही ते. तुमचा पाय पॅडलवर नव्हता."

सगळ्यांचे हात थांबले.

"मी शेजारी होते, ताई. तुमचा पाय खाली फरशीवर होता. तुम्ही पट्टी काढत होता आणि प्रेस आपोआप दुसऱ्यांदा आली. मी बघितलं. सेन्सर असता तर थांबली असती."

मी विचारलं, "मग दोन महिने कुठे होतीस?"

"दुसऱ्या दिवशी गणराज सरांनी कागदावर सही घेतली. साक्षीदार म्हणून. सेन्सर चालू होता, इंदुताईंचं लक्ष नव्हतं, असं लिहिलेलं. म्हणाले, सही कर, चार नंबर तुला देतो. अम्मीचं डायलिसिस चालू आहे, ताई. मी केली."

भाभींना हे माहीत नव्हतं. त्यांचा चेहरा मी बघितला. त्या भाचीला मारतील असं वाटलं, पण हातातली फोड हातातच राहिली.

"प्रेस अजून तशीच दुसऱ्यांदा येते?" मी विचारलं.

"कधीकधी. आठवड्यातून एकदा."

"आणि सेन्सर?"

"बंदच."

चार नंबरवर ती रोज आठ तास उभी असते. मीच लावलं तिला तिथे.

फोडींना पाणी सुटायला लागलं होतं. लोणचं अर्ध्यात सोडता येत नाही. मेथी तळली, डाळ मिसळली, फोडणी केली आणि ती गार होईपर्यंत आम्ही चौघं पातेल्याभोवती बसून राहिलो. बरण्या भरल्या, तोंडाला फडकी बांधली, तेव्हा चार वाजले होते. जाताना खुशनुमा पाया पडायला वाकली. मी पडू दिलं नाही. मिठीत घेतलं असंही नाही. तेवढं मन मोठं झालं नाही माझं.

१६ मे

माझं लक्ष गेलं नव्हतं. दोन महिने ते खोटं मी स्वतःच्या तोंडाने सगळ्यांना सांगितलं. शालनबाईंना, आईला, पिंकीला.

१८ मे

विलासशी भांडण. मी म्हटलं, कारखान्यांच्या सुरक्षेचं सरकारी ऑफिस आहे पुण्यात, तिथे लेखी द्यायचं.

ते म्हणाले, "मी बारा वर्षं चाकणला आहे. तक्रार केलेल्या माणसाला नंतर कुठल्याच गेटवर उभं करत नाहीत. पॅकिंगचं काम मिळतंय ते घे. बोटं परत येणार आहेत का?"

"माझी नाही येणार. खुशनुमाची अजून आहेत."

"तिने तुझ्याविरुद्ध सही केली."

"हो. आणि उद्या तिचा हात गेला की तिच्याविरुद्ध दुसरी कुणी करेल."

चप्पल घालून निघून गेले. फार राग आला असणार. तासाने आले. टेबलावर रेघांचे मोठे कागद ठेवले आणि नवं पेन. जाड पेन आहे, डाव्या हातात नीट बसतं. कुठून शोधलं कोण जाणे.

२० मे

दोन पानं लिहायला दोन दिवस लागले. पिंकी फोनवर म्हणाली, आई, मी टाईप करून पाठवते. नको म्हटलं. टाईप केलं तर म्हणतील कुणीतरी शिकवलं. लिहिताना दुपारी एकदा सोडून द्यावंसं वाटलं. पॅकिंगला बसून काम आहे, एसी आहे. हे खरं ते लिहून ठेवते. मग उठून बरण्या हलवल्या, रोज हलवाव्या लागतात, आणि परत बसले.

संध्याकाळी भाभी खुशनुमाला घेऊन आल्या. तिने खाली आपल्या अक्षरात लिहिलं की तिने आधी दिलेली सही दबावाखाली होती. लालभाई दारातच उभे होते, चिंतेत. म्हणाले, "पोरीची नोकरी गेली तर?" भाभी म्हणाल्या, "तर दुकानात बसेल. आंबे मोजायला दहा बोटं लागतात."

२१ मे

गणराज सर आले. या वेळी पेटी नव्हती.

"आली का सही, इंदुताई?"

"आली, सर."

"मग करून टाका."

मी अर्जाची प्रत त्यांच्या हातात दिली. उभ्यानेच वाचली. दुसऱ्या पानावर खुशनुमाचं नाव आलं तेव्हा खुर्चीत बसले.

"हे तुम्हाला कुणी शिकवलं?"

"डाव्या हाताने लिहायला? दवाखान्यातल्या मॅडमनी."

"चेष्टा नका करू. मी लातूरचा माणूस म्हणून एवढं केलं तुमच्यासाठी."

"म्हणूनच आधी तुम्हाला दाखवलं, सर. उद्या द्यायचा आहे."

ते म्हणाले, "सेन्सर मी बंद करत नाही हो. वरून आकडा येतो, एवढे पीस पाहिजेत म्हणून. मी काय करू?" हे ते पहिल्यांदाच खरं बोलले असं मला वाटलं. मी पन्हं पुढे ठेवलं. घेतलं नाही. पाणी मात्र प्यायले. त्यांचा कागद त्यांना परत दिला. आंब्याची पेटी परत देता आली नाही, ती खाऊन झाली होती.

२२ मे

गुरुवार. सुट्टी नसती तर विलास आले असते की नाही माहीत नाही, पण आज सुट्टी होती आणि ते आले. खुशनुमाही. ऑफिसातल्या बाईंनी दोन्ही पानं सावकाश वाचली. मध्ये एकदा थांबून माझ्या हाताकडे बघितलं, मग परत पहिल्यापासून वाचली. प्रतीवर शिक्का मारून दिला.

२९ मे

मंगळवारी कंपनीत तपासणी झाली. चार नंबर आणि सात नंबर दोन्ही प्रेस बंद केल्यात, दुरुस्ती होऊन सेन्सर लागेपर्यंत.

आज शालनबाई आल्या. मला वाटलं भेटायला. उंबऱ्यातच उभ्या राहिल्या. "तुझं झालं ते वाईटच झालं, इंदू. पण आमचा ओव्हरटाइम गेला. माझ्या पोराच्या ॲडमिशनचं तोंडावर आलंय. तुला काय मिळालं यातून?"

मी म्हटलं, बाटली घेऊन जा, लोणचं मुरत आलंय. त्या म्हणाल्या, नको, घरी आहे. घरी नाही, मला माहीत आहे. दरवर्षी मे संपायच्या आत विचारतात, झालं का.

मला पॅकिंगला घेणार नाहीत असं पत्र आलं आहे. तपासणीच्या बाई म्हणाल्या, त्याचंही लेखी द्या. देणार आहे. बाटल्या भरून ओट्यावर ओळीने ठेवल्यात. एक खुशनुमा घेऊन गेली. तेरा राहिल्या. दिवसभर त्यांच्याकडे पाठ करून काम केलं.

चुकले का मी? असं वाटलं की अर्ज परत वाचते. त्यात एकही शब्द खोटा नाही. पण शालनबाईही खोटं बोलल्या नाहीत.

२ जून

भाभींनी लोणचं चाखलं. पोळीच्या तुकड्याला लावून, डोळे मिटून.

"तुझ्यासारखं नाही झालं," म्हणाल्या.

मी बाटलीचं झाकण लावायला घेतलं.

"हिंग पुढे आहे. फोडी मोठ्या आहेत. पण मीठ बरोबर जागी आहे. हे यंदाचं आहे, इंदू. दे अजून एक फोड."

लालभाईंच्या दुकानात चार बाटल्या ठेवायच्या का असं त्या विचारत होत्या. म्हटलं, या तेरा नाही. या दिलेल्या आहेत. हव्या तर दुसऱ्या घालते, कैरी मिळतेय तोवर. लालभाई म्हणाले, जुन्नरकडची आठ दिवस अजून येईल. उद्या दहा किलो आणायला सांगितली. या वेळी फोडी लहान करून घेणार आणि हिंग मी स्वतः घालणार.

६ जून

उद्या भाभींकडे ईद. त्यांनी रसाला पायरी आंबे पाठवले, पाहुण्यांसाठी. पाटावर बसून एकेक आंबा उजव्या तळव्याखाली लोळवत होते. खुशनुमा कंपनीच्या बसमधून उतरून थेट वर आली, अंगात युनिफॉर्म तसाच.

"ताई, तेरा बाटल्या द्या."

"कुणाला?"

"लाईनला. शालनबाईंनी सांगितलं, येताना घेऊन ये. दोन कापडी पिशव्यापण त्यांनीच दिल्या."

मी हात धुऊन नीट कोरडे केले आणि बाटल्या पिशव्यांत भरायला घेतल्या. एकमेकींवर आपटू नयेत म्हणून मध्ये कागद घालत होते. ती माझ्या शेजारी बसली.

"आजपासून प्रेस चालू झाल्या. सेन्सर लावलेत," म्हणाली. "गणराज सर म्हणायचे ना, तासाला दहादा थांबेल."

"किती वेळा थांबली?"

"दिवसात चार वेळा."

मी कागद घालायची थांबले. "चारही वेळा हात आत होता?"

"हो. सात नंबरला दोनदा. दोन्ही वेळा शालनबाई. दुसऱ्यांदा थांबली तेव्हा त्या खाली बसल्या, पंधरा मिनिटं उठल्याच नाहीत. कुणी उठा म्हणालं नाही. एकदा ती नवीन नांदेडची मुलगी."

"आणि चौथ्यांदा?"

खुशनुमा पिशवीचा बंद सरळ करत होती.

"चार नंबर. प्रेस आपोआप आली, ताई. अर्ध्यात थांबली."

तिने पिशव्या घ्यायला हात पुढे केले. मी लगेच दिल्या नाहीत. आधी तिची बोटं मोजली, डाव्या हाताची आणि मग उजव्या हाताची.